बँकेची वही कुठे गेली?

टपरीवर दोन कटिंग घेतले, चोवीस रुपये झाले. काचेवर चिकटवलेल्या क्यूआर कोडसमोर मोबाईल धरला, पिन टाकला आणि कप खाली ठेवायच्या आत तिथली छोटी डबी बोलली, "चोवीस रुपये प्राप्त झाले." तुमचं खातं एका बँकेत, टपरीवाल्याचं दुसऱ्याच. दोन बँका, मध्ये आणखी दोन-तीन संस्था, आणि एवढा सगळा व्यवहार तीन-चार सेकंदांत उरकला.

आता त्याच बँकेत आईच्या खात्याला नॉमिनी जोडायला जा. "खातं कुठल्या ब्रांचचं? मग होम ब्रांचलाच जावं लागेल." तिथे गेलात की फॉर्म, आधारची झेरॉक्स, दोन फोटो, सही. सही जुनी आहे, जुळत नाही. पुन्हा सही. "साहेब ट्रेनिंगला गेलेत, सोमवारी एकदा विचारा." आठ दिवसांनी विचारलं तर फॉर्म ट्रेमध्येच.

बँक तीच, संगणक तेच, खातंही तेच. मग एक काम चार सेकंदांत आणि दुसरं आठ दिवसांत, हे कसं?

'डिजिटल परिवर्तन' हा शब्द हल्ली प्रत्येक कंपनीच्या वार्षिक अहवालात असतो. त्याचा नेमका अर्थ काय, कंपनी त्याने खरोखर सुधारते का, आणि सुधारते तर कुठे, हे समजून घ्यायला भारतीय बँकांइतकं चांगलं उदाहरण नाही. हा सगळा बदल आपल्या डोळ्यांदेखत झाला आहे, त्याची वळणं नोंदलेली आहेत आणि त्यातली बरीचशी मुंबई, नवी मुंबई आणि पुण्यातली आहेत.

वही शाखेत होती तेव्हा

बँक म्हणजे तिजोरी असं आपल्याला वाटतं. तिजोरीतल्या नोटा हा बँकेचा लहानसा भाग. बँक मुळात एक वही आहे. कोणाचे किती जमा, कोणाकडून किती येणं, एवढंच तिच्यात लिहिलेलं असतं, आणि त्या लिहिण्यावर सगळ्यांचा विश्वास असतो.

कोपऱ्यावरचा किराणा दुकानदार उधारीची वही ठेवतो तसंच हे. तुमचं नाव त्याच्या वहीत आहे, म्हणून तो खिशात पैसे नसतानाही साखर देतो. समजा, त्याने गावात आणखी चार दुकानं काढली आणि प्रत्येकात वेगळी वही ठेवली. दुसऱ्या दुकानात जाऊन तुम्ही म्हणालात, "मी तुमच्या शेठचा वीस वर्षांचा गिऱ्हाईक," तरी तिथला माणूस काय करणार? त्याच्या वहीत तुमचं पानच नाही. दुकानांवरची पाटी एक असली तरी हिशेबापुरती ती पाच वेगळी दुकानं झाली.

1990 च्या दशकापर्यंत आपल्या बहुतेक बँका अशाच होत्या. दादरच्या शाखेतला खातेदार अंधेरीच्या शाखेला परका. पैसे काढायचे तर आपल्याच शाखेत जायचं, काउंटरवर चेक द्यायचा आणि पितळी टोकन घेऊन बाकावर बसायचं. आत लेजर उघडलं जाई. त्यातलं तुमचं पान काढून क्लार्क रक्कम वजा करी, अधिकारी चेकवरची सही नमुना-सहीच्या कार्डाशी ताडून पाहत, चेक 'पास' होई आणि मग कॅशियरच्या पिंजऱ्यातून टोकन नंबरचा पुकारा. संध्याकाळी दिवसभराच्या व्हाउचरांची बेरीज जुळली पाहिजे. एक रुपया चुकला तर तो सापडेपर्यंत माणसं बसून राहत. जून आणि डिसेंबरमध्ये व्याज लावायचं काम निघे. शेकडो पानं आणि प्रत्येक पानावर हाताने हिशेब.

हे सगळं संथ होतं. पण बेशिस्त नव्हतं. लिहिणारा एक आणि तपासणारा दुसरा ही पद्धत तेव्हाचीच. ती आजही टिकून आहे आणि टिकायलाच हवी.

यंत्र आलं, काम तेच राहिलं

1983 मध्ये बँका आणि कर्मचारी संघटना यांच्यात यंत्रांच्या वापराबाबत करार झाला. रिझर्व्ह बँकेचे तेव्हाचे डेप्युटी गव्हर्नर डॉ. सी. रंगराजन यांच्या समितीने 1984 मध्ये बँकांच्या यांत्रिकीकरणाचा आराखडा दिला, आणि पाच वर्षांनी त्यांच्याच दुसऱ्या समितीचा अहवाल आला. संगणकाने नोकऱ्या जातील ही भीती खरी होती. त्यामुळे सुरुवातीला शाखांमध्ये जी यंत्रं आली त्यांना संगणक म्हणायचंही टाळलं गेलं. त्यांचं नाव 'ॲडव्हान्स्ड लेजर पोस्टिंग मशिन', म्हणजे लेजरमध्ये नोंद करणारं सुधारित यंत्र.

हे नाव फार प्रामाणिक होतं. यंत्र खरंच तेवढंच करत होतं. जी नोंद क्लार्क पेनाने करत होता ती आता कीबोर्डवरून होऊ लागली. बेरीज चुकेना, पासबुकातलं अक्षर वाचता येऊ लागलं, व्याजाचा हिशेब लवकर होऊ लागला. पुढे अख्खी शाखा संगणकावर आली. तरी वही शाखेतच राहिली. कागदाऐवजी शाखेतल्या यंत्रात. दादरचा खातेदार अंधेरीत तसाच परका. दुकानदाराने पाचही दुकानांतल्या वह्यांना छान पुठ्ठे घातले, एवढाच फरक.

माझ्या मते बहुतेक कंपन्यांचं 'डिजिटल परिवर्तन' इथेच थांबतं. फॉर्म ऑनलाइन भरायचा, त्याची प्रिंट काढायची, सही करायची आणि ती प्रिंट काउंटरवर द्यायची, असं ज्या ज्या कार्यालयात चालतं, तिथे लेजर पोस्टिंग मशिनचंच युग चालू आहे असं खुशाल समजावं.

वही हलली

खरा बदल झाला तो वही शाखेतून उचलून एका ठिकाणी नेली तेव्हा. यालाच 'कोअर बँकिंग' म्हणतात. सगळ्या शाखांच्या सगळ्या खात्यांची एकच मध्यवर्ती वही आणि प्रत्येक शाखा ही त्या वहीत पाहणारी, लिहिणारी खिडकी. किराणावाल्याने पाच वह्या बंद केल्या, घरी एकच मोठी वही ठेवली आणि प्रत्येक दुकानाला फोन दिला: सामान देण्यापूर्वी विचारायचं, दिल्यावर कळवायचं.

ऐकायला सोपं आहे. नव्या खासगी बँकांना ते सोपं गेलंही. एचडीएफसी बँकेचं काम जानेवारी 1995 मध्ये सुरू झालं. तिच्याकडे जुन्या वह्याच नव्हत्या, त्यामुळे पहिल्यापासून मध्यवर्ती वहीवर भर देता आला. स्टेट बँकेपुढे मात्र हजारो शाखा, कोट्यवधी खाती आणि प्रत्येक शाखेच्या आपापल्या सवयी होत्या. टीसीएस या सॉफ्टवेअर कंपनीच्या मदतीने 2003 च्या सुमाराला सुरू झालेलं हे काम 2008 पर्यंत सगळ्या शाखांपर्यंत पोचलं. नवी मुंबईतल्या बेलापूरमध्ये त्यासाठी मोठं डेटा सेंटर उभं राहिलं. म्हणजे कोल्हापूरच्या शाखेत पासबुक भरायला टाकलं की त्यातल्या ओळी बेलापूरहून यायला लागल्या.

वही हलवणं म्हणजे शाखेतल्या यंत्रातली माहिती मोठ्या यंत्रात ओतणं, एवढंच नसतं. जुन्या वहीत एकच माणूस एका खात्यात 'रा. ग. पाटील', दुसऱ्यात 'रामचंद्र गणपत पाटील' आणि कर्जखात्यात 'आर. जी. पाटील' असतो. पत्त्याच्या रकान्यात कोणीतरी 'वर दिल्याप्रमाणे' लिहून ठेवलेलं असतं. काही खात्यांना जन्मतारीख नसते, काहींची नमुना सही सापडत नाही. शाखेतल्या जुन्या कर्मचाऱ्याला हे सगळं तोंडपाठ असतं, म्हणून आजवर अडलेलं नसतं. मध्यवर्ती वहीला तोंडपाठ काहीच नसतं. तिला लिहिलेलंच कळतं. म्हणून आधी माहितीची साफसफाई, मग एकेक शाखा शनिवार-रविवारी बंद करून स्थलांतर, सोमवारी सकाळी जुनी आणि नवी बेरीज ताडून पाहणं. 'लिंक नाही' असा कागद काउंटरवर चिकटवलेले ते दिवस अनेकांना आठवत असतील. वही दूर गेली होती आणि तिच्यापर्यंतचा रस्ता अजून कच्चा होता.

या खटाटोपाचं ग्राहकाला काय मिळालं? कुठल्याही शाखेत व्यवहार करता येणं हे सगळ्यांना माहीत आहे. त्याहून बोलकं एक उदाहरण व्याजाचं आहे, आणि ते फारसं कोणी सांगत नाही. पूर्वी बचत खात्यावर त्या महिन्याच्या 10 तारखेपासून अखेरपर्यंतच्या किमान शिलकीवर व्याज मिळायचं. महिनाभर खात्यात 50,000 रुपये आहेत आणि 29 तारखेला तुम्ही 45,000 काढलेत, तर व्याज फक्त उरलेल्या 5,000 वर. तेव्हाच्या साडेतीन टक्के दराने साधारण पंधरा रुपये. हाताने हिशेब करायचा तर रोजची शिल्लक धरणं अशक्य होतं, म्हणून हा नियम. बँकांचं संगणकीकरण झाल्यावर रिझर्व्ह बँकेने 1 एप्रिल 2010 पासून रोजच्या शिलकीवर व्याज द्यायला लावलं. त्याच महिन्याचे त्याच दराने आता साधारण 135 रुपये होतात. दर बदलला नाही, ठेव बदलली नाही. फक्त रोजचा हिशेब करणं बँकेच्या आवाक्यात आलं आणि नियामकाने तो करायला लावला.

यंत्राने नियम बदलला नाही, हे इथे लक्षात घ्यायला हवं. रोजचा हिशेब संगणकाला त्याआधीच काही वर्षं जमत होता. कोणीतरी तो कागदाच्या काळातला नियम उचलून पाहिला आणि विचारलं, हा आता कशासाठी?

वह्या एकमेकींशी बोलू लागल्या

प्रत्येक बँकेची एक वही झाल्यावर पुढचा प्रश्न या वह्या एकमेकींशी जोडायचा. नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशन, म्हणजेच एनपीसीआय, ही संस्था 2008 मध्ये मुंबईत स्थापन झाली. 2010 मध्ये तिने एका बँकेतून दुसऱ्या बँकेत तत्काळ पैसे पाठवणारी आयएमपीएस सेवा सुरू केली. तिच्याच पायावर उभी राहिलेली यूपीआय 11 एप्रिल 2016 रोजी रिझर्व्ह बँकेचे तेव्हाचे गव्हर्नर रघुराम राजन यांच्या हस्ते मुंबईत सुरू झाली. ऑगस्ट 2025 मध्ये यूपीआयवर एका महिन्यात 2,000 कोटींहून जास्त व्यवहार झाले. सरासरी काढली तर दर सेकंदाला सात हजारांहून जास्त.

त्यातला एक तुमच्या दोन कटिंगचा.

चौकट : चोवीस रुपयांचा प्रवास

1. क्यूआर कोडमध्ये पैसे नसतात, की टपरीवाल्याचा खाते क्रमांकही नसतो. असतो फक्त त्याचा यूपीआय पत्ता आणि नाव. तुमचं ॲप तेवढंच वाचतं.

2. तुम्ही पिन टाकता ती पडद्यावरची चौकट ॲपची नसते, एनपीसीआयची असते. पिन फोनमध्येच कुलूपबंद होतो. फोनपे किंवा गुगल पे यांना तो दिसत नाही.

3. ॲप स्वतः बँक नसेल तर त्याच्यामागे एक बँक उभी असते. तिच्यामार्फत निरोप एनपीसीआयकडे जातो.

4. एनपीसीआय तुमच्या बँकेला विचारते: पिन बरोबर आहे का, खात्यात पैसे आहेत का? असतील तर तुमच्या पानावरून चोवीस रुपये वजा होतात.

5. मग टपरीवाल्याच्या बँकेला निरोप जातो आणि त्याच्या पानावर चोवीस रुपये जमा होतात.

6. दोन्हीकडे 'झालं' असा निरोप जातो आणि डबी बोलते.

7. एका बँकेतून दुसऱ्या बँकेत खरे पैसे लगेच जात नाहीत. दिवसातून ठरावीक वेळा, कोणाचं कोणाकडे किती येणं याची वजाबाकी होऊन रिझर्व्ह बँकेतल्या खात्यांमध्ये हिशेब मिटतो.

चौथ्या आणि पाचव्या पायरीच्या मध्ये नेटवर्क तुटलं, की आपला नेहमीचा घोटाळा होतो. इकडून कापले, तिकडे पोचले नाहीत. पैसे हरवलेले नसतात. पहिल्या वहीत नोंद झालेली असते, दुसऱ्या वहीतली व्हायची राहिलेली असते, आणि दोन्ही वह्या ताडून पाहिल्यावर ती दुरुस्त होते.

जिथे जोड आहे तिथेच उसवतं

वही एक केली, तिला बाहेरच्या यंत्रणा जोडल्या. पण एखादी यंत्रणा जोडायची राहिली तर?

14 फेब्रुवारी 2018 रोजी पंजाब नॅशनल बँकेने शेअर बाजाराला कळवलं की मुंबईतल्या एका शाखेत अकरा हजार कोटींहून जास्त रकमेचे संशयास्पद व्यवहार सापडले आहेत. शाखा फोर्टमधल्या ब्रॅडी हाउसची, हिरे व्यापारी नीरव मोदी याच्या प्रकरणातली. त्या घोटाळ्याच्या राजकारणावर पुष्कळ लिहून झालं आहे. इथे फक्त यंत्रणा पाहू.

हिऱ्याचा व्यापारी परदेशातून माल आणतो. त्यासाठी त्याची बँक परदेशातल्या दुसऱ्या बँकेला हमी देते: याला पैसे द्या, नाही फेडले तर आम्ही फेडू. अशी हमी 'स्विफ्ट' नावाच्या, बँकांच्या आंतरराष्ट्रीय निरोपयंत्रणेवरून जाते. प्रत्येक हमीची नोंद बँकेच्या मुख्य वहीतही व्हायला हवी. पण त्या बँकेत स्विफ्ट आणि कोअर बँकिंग जोडलेले नव्हते. स्विफ्टवर निरोप पाठवला की तो वहीत आपोआप उमटत नव्हता; कोणीतरी तो तिथे वेगळा लिहायचा. शाखेतल्या काही जणांनी निरोप पाठवले आणि वहीत लिहिलंच नाही. हे वर्षानुवर्षं चाललं. जानेवारी 2018 मध्ये नीरव मोदीच्या कंपन्या नव्या हमीसाठी आल्या, तेव्हा तिथल्या अधिकाऱ्यांनी पूर्ण रकमेचं तारण मागितलं. "आजवर तर कधी मागितलं नाही," असं उत्तर आलं. मग जुन्या हमीपत्रांची नोंद शोधली, आणि वहीत ती नव्हतीच.

स्विफ्टच्या गैरवापराचा इशारा रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट 2016 पासून बँकांना दिलेला होता. घोटाळा उघड झाल्यावर मात्र एप्रिल 2018 अखेर स्विफ्ट कोअर बँकिंगशी जोडलंच पाहिजे असं तिने बजावलं.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये पुण्याच्या कॉसमॉस बँकेवर हल्ला झाला, तो याच्या उलट वाटेने. एटीएममध्ये कार्ड घातलं की मधलं एक यंत्र, ज्याला 'स्विच' म्हणतात, मुख्य वहीला विचारतं: द्यायचे का पैसे? हल्लेखोरांनी या यंत्रणेत घुसून मध्येच एक तोतया स्विच बसवला. तो वहीला विचारायचाच नाही, स्वतःच 'द्या' म्हणायचा. नकली कार्डं वापरून 28 देशांतल्या एटीएममधून पैसे निघाले. दोन दिवसांनी स्विफ्टवरून हाँगकाँगला आणखी रक्कम गेली. एकूण 94 कोटींहून जास्त. ग्राहकांच्या खात्यांतून मात्र काही वजा झालं नाही, कारण वहीपर्यंत प्रश्न पोचलाच नव्हता. तोटा बँकेचा झाला.

दोन्ही प्रकरणांत मुख्य वही ठणठणीत होती. उसवलं ते जोडावर. कंपनीचं यंत्रज्ञान कसं आहे हे पाहायचं तर तिचं ॲप किती देखणं आहे ते पाहू नये. एका यंत्रणेतली नोंद दुसरीत पुन्हा हाताने कोण लिहितं, ते विचारावं.

वही हलवताना पडली तर

ब्रिटनमधल्या टीएसबी बँकेची गोष्ट परिवर्तनाच्या प्रत्येक उत्साही सादरीकरणाआधी वाचून दाखवायला हवी. ही बँक आधीच्या मालकाच्या, लॉइड्सच्या यंत्रणेवर भाड्याने चालत होती. स्पेनच्या सबादेल बँकेने ती विकत घेतली आणि तिची वही नव्या यंत्रणेवर न्यायचं ठरलं. एप्रिल 2018 मधल्या एका शनिवार-रविवारी पन्नास लाखांहून जास्त ग्राहकांची खाती एकदम हलवली. माहिती नीट पोचली; पण यंत्रणा ग्राहकांच्या गर्दीपुढे कोसळली. सुमारे 19 लाख लोकांना आपल्याच खात्यात शिरता येईना. सगळं पूर्वपदावर यायला डिसेंबर उजाडला. मुख्याधिकारी गेले, आणि 2022 मध्ये ब्रिटिश नियामकांनी बँकेला 4 कोटी 86 लाख पौंडांहून जास्त दंड केला.

चौकशीत एक तपशील निघाला, तो विसरता येत नाही. नवी यंत्रणा दोन डेटा सेंटरांवर एकाच वेळी चालणार होती. गर्दी पेलते का याची चाचणी मात्र त्यातल्या एकावरच घेतली गेली. दुसरंही तसंच असेल, असं धरून चालले.

स्टेट बँकेने शाखा एकेक करून हलवल्या, त्याला पाच वर्षं लागली आणि त्या काळात लोकांनी नावं ठेवली. टीएसबीने एका रविवारात उरकलं. मला विचाराल तर पाच वर्षं स्वस्त पडली.

वही एकच, म्हणून भारही एकावरच

पूर्वी एका शाखेचं यंत्र बंद पडलं तर एका शाखेची पंचाईत व्हायची. आता मुख्य वही अडली की सगळ्या देशातले खातेदार एकदम अडतात. 21 नोव्हेंबर 2020 रोजी एचडीएफसी बँकेच्या मुख्य डेटा सेंटरचा वीजपुरवठा खंडित झाला आणि सेवा ठप्प झाल्या. आधीच्या दोन वर्षांतही असे प्रकार झाले होते. रिझर्व्ह बँकेने डिसेंबरमध्ये बँकेला नवी डिजिटल उत्पादनं आणायला आणि नवी क्रेडिट कार्डं द्यायला मनाई केली. हे निर्बंध पूर्णपणे उठायला मार्च 2022 उजाडला. एप्रिल 2024 मध्ये कोटक महिंद्र बँकेवर याच धाटणीची कारवाई झाली.

आणीबाणीसाठी दूरच्या शहरात वहीची दुसरी प्रत ठेवतात. ती असणं पुरेसं नाही. अधूनमधून मुद्दाम पहिली बंद करून दुसरीवर कारभार चालवून पाहावा लागतो. ही तालीम खर्चिक असते आणि ती यशस्वी झाली तर कोणाला कळतही नाही, म्हणून ती टाळण्याचा मोह होतो.

भार वाढण्याचं एक साधं कारण आपणच आहोत. ही मुख्य वही सकाळी दहा ते दुपारी चारच्या शाखांसाठी रचलेली. महिन्याला एखाद्या खात्यात आठ-दहा नोंदी व्हायच्या. आता चहा, भाजी, रिक्षा, प्रत्येकाची वेगळी नोंद, तीही अपरात्री. यावर 2022 मध्ये आलेला तोडगा म्हणजे यूपीआय लाइट. खात्यातून थोडी रक्कम एकदाच काढून फोनमधल्या वेगळ्या कप्प्यात ठेवायची आणि किरकोळ खर्च त्यातून, पिनशिवाय. प्रत्येक चहासाठी मुख्य वही उघडावी लागत नाही. सध्या या कप्प्यात 5,000 रुपयांपर्यंत ठेवता येतात आणि एका वेळी 1,000 रुपयांपर्यंत देता येतात. तुमच्या पासबुकाची लांबीही त्याने आटोक्यात राहते, हा वरचा फायदा.

मग नॉमिनीला आठ दिवस का?

आता कोडं सुटतं. चोवीस रुपयांच्या व्यवहाराची पायरी अन् पायरी नव्याने आखली गेली आहे. कोण विचारणार, कोण उत्तर देणार, उत्तर आलं नाही तर काय करायचं, सगळं ठरलेलं, आणि मध्ये माणूस नाही. नॉमिनीच्या फॉर्मचा प्रवास मात्र बऱ्याच ठिकाणी अजून पितळी टोकनाच्या काळातला आहे. वही बेलापूरला गेली, तरी तुमचा मूळ फॉर्म आणि नमुना सही सांभाळायची जबाबदारी शाखेतच राहिली. लिहिणारा आणि तपासणारा वेगळा हवा हे योग्यच. पण तपासणारा त्याच शाखेतला, त्याच टेबलावरचा आणि रजेवर न गेलेला का हवा, हे कोणी विचारलेलं नसतं.

काही बँकांनी विचारलं आणि नॉमिनीची सोय ॲपवर आणली. म्हणजे अडचण तंत्राची नव्हती. सिंगापूरच्या डीबीएस बँकेचं नाव या बाबतीत जगभर घेतलं जातं. पीयूष गुप्ता 2009 मध्ये तिचे प्रमुख झाले तेव्हा ही बँक रांगांसाठी बदनाम होती. त्यांनी एक निराळं माप लावलं: ग्राहकाचे वाया जाणारे तास. प्रत्येक विभागाने आपल्या कामातून ते किती कमी केले याचा हिशेब द्यायचा. त्यातून प्रक्रियाच छाटल्या गेल्या आणि संगणकीकरणाला दिशा मिळाली. तरीही 2023 मध्ये वारंवार सेवा बंद पडल्यावर तिथल्या नियामकाने या नावाजलेल्या बँकेलाही सहा महिने नवे व्यवसाय घेण्यापासून थांबवलं. हे काम एकदा करून संपत नाही.

वाचकांच्या उपयोगाचे दोन नियम सांगून थांबतो. यूपीआयने पाठवलेले पैसे खात्यातून कापले गेले आणि समोरच्याच्या खात्यात जमा झाले नाहीत, तर रिझर्व्ह बँकेच्या 2019 च्या नियमानुसार ते दुसऱ्या दिवसापर्यंत परत यायला हवेत. दुकानदाराला दिलेले असतील आणि त्याला पोचल्याचं कळलं नसेल तर पाच दिवसांत. त्यानंतर उशिराच्या प्रत्येक दिवसाला शंभर रुपये भरपाई आहे. व्यवहाराचा 12 अंकी संदर्भ क्रमांक ॲपमध्ये असतो, तो तक्रारीत जरूर लिहा. आणि 1 नोव्हेंबर 2025 पासून एका खात्याला चारपर्यंत नॉमिनी लावता येतात. आईच्या, वडिलांच्या, स्वतःच्या खात्याला एक तरी आहे का ते या आठवड्यात तपासा. बँकेच्या ॲपवर सोय असेल तर तिथेच करा, नसेल तर शाखेत फॉर्म देऊन त्याची पोच मागून घ्या. पोच देणं बँकेला बंधनकारक आहे.